थेट वाहिन्यांच्या स्ट्रीमसाठी चित्रदर्जाची देखरेख: प्रोब कुठे लावायचे, मर्यादा किती ठेवायच्या?

प्राइमटाइम

आठ थेट वाहिन्या आहेत, पाच मराठी आणि तीन हिंदी. स्रोत १०८०आय५० (इंटरलेस्ड, सेकंदाला ५० फील्ड म्हणजे अर्ध्या फ्रेम), एच.२६४, एसआरटीवरून (इंटरनेटवरून थेट व्हिडिओ पाठवायचा प्रोटोकॉल) येतो. पुढे एन्कोडर, पॅकेजर (स्ट्रीमचे तुकडे म्हणजे सेगमेंट करणारा), ओरिजिन (मूळ सर्व्हर) आणि दोन सीडीएन (प्रेक्षकाच्या जवळून स्ट्रीम देणारी सर्व्हरांची जाळी). बाहेर फक्त एचएलएस (प्लेलिस्ट आणि सेगमेंटमधून स्ट्रीम देण्याची पद्धत), दर्जाच्या पाच पायऱ्या: १०८०, ७२०, ५४०, ३६०, २४०. देखरेखीचं सॉफ्टवेअर नव्याने बसवायचं आहे.

विचारायचं हे की प्रोब (स्ट्रीम तपासणारा प्रोग्रॅम किंवा मशीन) नेमके कुठे लावायचे? व्हीमॅफ (मूळ व्हिडिओशी ताडून चित्रदर्जाला शंभरपैकी गुण देणारं मापक) चोवीस तास चालवण्यात अर्थ आहे का? आणि अलार्मच्या मर्यादा काय ठेवायच्या, म्हणजे रात्रपाळीचा माणूस आठवड्याभरात अलार्म म्यूट करून बसणार नाही? विकतचं घ्यायचं की एफएफएमपेग, प्रोमिथियस, ग्राफाना या मोकळ्या साधनांवर भागवायचं, तेही सांगा.

हेडएंडवाला

विकत की घरचं हे सगळ्यात शेवटी ठरवा. आधी कागदावर साखळी काढा आणि प्रत्येक डब्याच्या अलीकडे-पलीकडे एकेक मोजणीची जागा ठरवा. तुमच्याकडे अशा पाच जागा होतात: एसआरटी उतरतो तिथे, एन्कोडरमधून निघताना, ओरिजिनवर, प्रत्येक सीडीएनच्या टोकाला (बाहेरच्या नेटवर्कवरून), आणि खुद्द प्लेअरमध्ये.

मुद्दा असा की तीच तपासणी दोन जागी चालली पाहिजे. चित्र गोठलंय हे ओरिजिनवर कळलं, पण एसआरटीच्या टोकालाही तेच तपासत नसाल, तर पुढची वीस मिनिटं 'तुमच्याकडून की आमच्याकडून' यात जातात. दोन्हीकडे तपासणी असेल तर शेवटची चांगली जागा आणि पहिली वाईट जागा यांच्यामधला डबा गुन्हेगार. अलार्मच्या मजकुरात वाहिनीच्या नावाबरोबर ही जागा आलीच पाहिजे. नुसतं 'वाहिनी ३ खराब' असा अलार्म कुणाच्याच कामाचा नसतो.

स्रोताच्या टोकाला टीआर १०१ २९० ची (ट्रान्सपोर्ट स्ट्रीम तपासण्याच्या युरोपीय मार्गदर्शकाची) तपासणी लावा. त्यातला पहिला प्राधान्यक्रम पूर्ण घ्या: सिंक जाणं, पॅट आणि पीएमटी या स्ट्रीममध्ये काय आहे ते सांगणाऱ्या याद्या वेळेत न येणं (पॅट अर्ध्या सेकंदात एकदा तरी दिसलंच पाहिजे), कंटिन्युइटी काउंटर (पॅकेटांचा अनुक्रम) चुकणं, पीआयडी (चित्र, आवाज अशा प्रत्येक प्रवाहाचा क्रमांक) गायब होणं. दुसऱ्यातलं निवडून घ्या. पीसीआर (स्ट्रीमचं घड्याळ) ४० मिलिसेकंदांच्या आत परत यायला हवा आणि पीटीएस (फ्रेम कधी दाखवायची ती वेळ) ७०० मिलिसेकंदांच्या आत. या दोन्ही नोंदी ठेवा, पण त्यावर माणसाला उठवू नका. पीसीआर अचूकतेची ±५०० नॅनोसेकंदांची तपासणी मात्र बंदच ठेवा. दोन पीसीआरमध्ये बिटरेट एकसारखा आहे असं धरून ती काढतात. तुमचा स्रोत व्हीबीआर (बदलत्या बिटरेटचा) असेल तर ती दिवसभर लाल दिसणार आणि त्याचा अर्थ काहीच नसणार.

एसआरटीची लेटन्सी (हरवलेली पॅकेटं पुन्हा मागवायला ठेवलेला विलंब) न सांगता सोडली तर १२० मिलिसेकंद राहते. शहरातल्या शहरात ते पुरतं, पण दुसऱ्या राज्यातून फीड येत असेल तर आरटीटीच्या (पॅकेट जाऊन परत यायच्या वेळेच्या) चौपट हा ढोबळ हिशोब. थेट वाहिनीला एचएलएसमध्ये नाहीतरी वीस-तीस सेकंद जातातच, तेव्हा सरळ ५०० ते १००० मिलिसेकंद द्या. इथे कंजुषी करून हाती काही लागत नाही. पुन्हा मागवलेल्या पॅकेटांचा आलेख आणि गळालेल्या पॅकेटांचा आलेख वेगवेगळे ठेवा. पहिला चढला तर लाइन थकतेय एवढंच कळतं, प्रेक्षकाला काही दिसत नाही. दुसरा शून्याच्या वर गेला की पडद्यावर चौकोन उमटलेच.

सातपॅकेट

वरच्यात थोडी भर. एसआरटी उतरवून आत मल्टिकास्टने (एकच स्ट्रीम एकदम अनेक मशीनना) फिरवत असाल तर यूडीपीच्या एका डेटाग्राममध्ये ट्रान्सपोर्ट स्ट्रीमची १८८ बाइटांची सात पॅकेटं बसतात, १३१६ बाइट. एक डेटाग्राम पडला की सातही गेली. म्हणून कंटिन्युइटी चुकांचा नुसता आकडा बघू नका, सेकंदाला किती वेळा चूक झाली ते बघा. काउंटर चार बिटांचा आहे, सोळावर परत शून्य. एकाच पीआयडीची नेमकी सोळाच्या पटीत पॅकेटं हरवली तर तो गप्प बसतो, त्यामुळे शेजारी बिटरेटचाही आलेख हवा.

प्रोबच्या मशीनवर लिनक्सचा रिसीव्ह बफर वाढवायला विसरू नका. मूळ आकार दोन-अडीचशे केबीच्या आसपास असतो, आणि आठ वाहिन्या एकाच कार्डावर घेतल्या की पॅकेटं केबलवर नाही, प्रोबच्याच केर्नेलमध्ये पडतात. मग प्रोब ओरडतो आणि एन्कोडर मजेत असतो. आठ ते सोळा एमबी करा आणि केर्नेलचा यूडीपी एरर काउंटरही डॅशबोर्डवर आणा. प्रोब आधी स्वतःची तब्येत सांगू दे.

आणि स्ट्रीम सुरू केल्यावर चार-साडेचार मिनिटांनी बरोब्बर मरत असेल, परत जोडलं की परत तेवढंच चालत असेल, तर एन्कोडर उघडून बसू नका. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट कोणत्या पोर्टला हवं ते ऐकून ठरवणं) चालू आहे आणि क्वेरिअर (अजून हवं का, असं विचारत राहणारा) कुणीच नाही. सदस्यत्वाची मुदत २६० सेकंद असते, ती संपली की स्विच पोर्ट बंद करतो. व्हीलॅनमध्ये एक क्वेरिअर नेमा.

फ्रेमदरफ्रेम

व्हीमॅफबद्दल. नेटफ्लिक्सने २०१६ साली ते खुलं केलं, एफएफएमपेगमध्ये लिबव्हीमॅफ नावाने फिल्टर आहे. चोवीस तास, सगळ्या पायऱ्यांवर चालवायची गरज नाही. हिशोब बघा: आठ वाहिन्या गुणिले पाच पायऱ्या म्हणजे चाळीस तुकडे. दर दहा मिनिटांनी प्रत्येकी दहा सेकंद घेतले तर ४०० सेकंद व्हिडिओ, २५ फ्रेमच्या हिशोबाने दहा हजार फ्रेम. त्या ६०० सेकंदांत संपवायच्या तर सेकंदाला सतरा फ्रेम पुरतात. साधा सर्व्हर हे काम करतो. जास्त हवं असेल तर लिबव्हीमॅफच्या ३.० आवृत्तीपासून एनव्हिडियाच्या कार्डावरही हिशोब होतो.

खरी मेख संदर्भ-व्हिडिओत आहे. स्रोत इंटरलेस्ड आणि आउटपुट प्रोग्रेसिव्ह (पूर्ण फ्रेमचं), मग तुलना कशाशी करणार? स्रोताला एफएफएमपेगच्या बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टरने डीइंटरलेस केलंत (फील्डांच्या पूर्ण फ्रेम केल्यात) आणि एन्कोडर स्वतःचा डीइंटरलेसर वापरतोय, तर तुम्ही एन्कोडिंग मोजत नाही, दोन डीइंटरलेसरांमधला फरक मोजताय. त्यापेक्षा एन्कोडरलाच आणखी एक आउटपुट द्यायला सांगा: १०८० प्रोग्रेसिव्ह, सगळ्या इंट्रा (स्वतंत्र) फ्रेम, ४०-५० मेगाबिट. ते लोकल डिस्कवर पाच मिनिटांच्या फिरत्या बफरमध्ये ठेवा आणि संदर्भ म्हणून तेच वापरा. लोगो आणि खालची मजकुराची पट्टी त्याच्या आधीच लागलेली असायला हवी.

बाकी क्रम असा. दोन्ही तुकड्यांचे पीटीएस शून्यापासून सुरू करा. फ्रेमदर एकच आहे ना, ते बघा. खालच्या पायऱ्या बायक्युबिकने १०८० पर्यंत ताणा, संदर्भ खाली आणू नका. फिल्टरला पहिला इनपुट बिघडलेला आणि दुसरा संदर्भाचा द्यायचा. उलट दिला तरी आकडा येतोच, पण चुकीचा. निकाल जेसनमध्ये काढा आणि सरासरीसोबत हार्मोनिक सरासरी आणि तळचे पाच टक्के पण साठवा. दहा सेकंदांत अर्धा सेकंद चित्र फुटलं तर सरासरीत ते विरून जातं, तळच्या पाच टक्क्यांत दिसतं.

मूळ मॉडेल गृहीत धरतं की प्रेक्षक १०८० च्या टीव्हीसमोर, पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर बसलाय. ३६० आणि २४० मोबाइलवर बघितले जातात, त्यांना फोन मॉडेल लावा. फक्त दोन मॉडेलांचे आकडे एका आलेखात टाकू नका, फोनचा आकडा नेहमी चढाच येतो. एन्कोडर कंपन्यांची तुलना करत असाल तर एनईजी मॉडेल घ्या. शार्पनिंग करून गुण वाढवायची पळवाट त्यात बरीचशी बंद होते.

प्राइमटाइम

धन्यवाद, भरपूर मिळालं. एका वाहिनीवर हे करून बघितलं. १०८० च्या पायरीला ६२ आलाय. डोळ्याला चित्र अगदी स्वच्छ दिसतंय. आकड्यावर विश्वास ठेवायचा की डोळ्यावर?

फ्रेमदरफ्रेम

डोळ्यावर. ६२ म्हणजे १०८० ला पडद्यावर चिखल दिसला असता. हे जुळवणीचं दुखणं आहे. फ्रेमवार आकडे काढा आणि त्यांचा आकार बघा, कारण तिथेच समजतं.

निवेदक स्थिर बसलाय तिथे ९५ आणि कॅमेरा फिरला की ४०, असं असेल तर दोन व्हिडिओ एखाद्या फ्रेमने मागेपुढे आहेत. संदर्भ उणे तीन ते अधिक तीन फ्रेम सरकवून प्रत्येक वेळी पीएसएनआर (दोन चित्रांतल्या फरकाचा साधा आकडा) काढा. जिथे तो एकदम उसळतो ती खरी जागा. पीएसएनआर झटपट निघतो, या कामाला व्हीमॅफ जाळू नका. जुळवणी दर वेळी आपोआप करून घ्या, कारण एन्कोडर रीस्टार्ट झाला की फरक बदलतो.

एकाआड एक फ्रेम चांगली-वाईट येत असेल तर फील्डचा गोंधळ. ५० फील्डांतून २५ फ्रेम करताना एकाने वरचं फील्ड धरलं आणि दुसऱ्याने खालचं. सगळ्या फ्रेम सारख्याच पडलेल्या असतील, स्थिर चित्रातसुद्धा, तर रेंज बघा: एक बाजू १६ ते २३५ आणि दुसरी ० ते २५५ असं झालंय का. किंवा स्केलिंग दुसऱ्याच फिल्टरने झालंय.

शिरोरेषा

पाच मराठी वाहिन्यांत बातम्यांची एखादी असणारच. व्हीमॅफ पूर्ण फ्रेमचा एक आकडा देतो आणि तिथेच आपली भाषा मार खाते. १०८० मध्ये खालची पट्टी समजा ९० ओळींची, म्हणजे फ्रेमचा जेमतेम आठ टक्के भाग. तेवढी पट्टी पार वाचेनाशी झाली तरी फ्रेमचा आकडा दोन-तीन गुणांनी हलतो आणि तुमच्या मर्यादेत आरामात बसतो.

३६० च्या पायरीत तीच पट्टी तीस ओळींची होते, आतलं अक्षर चौदा-पंधरा ओळींचं. अनुस्वार, रफार आणि वरच्या मात्रांना एक-दोन पिक्सेल उरतात. क्वांटायझेशन (बिट वाचवायला बारकावे टाकून देणं) वाढलं की सगळ्यात आधी अनुस्वार जातो, मग 'के' आणि 'कै' सारखेच दिसू लागतात. शिरोरेषा मात्र ठाम उभी राहते, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला पट्टी ठीकच वाटते. रोमन लिपीत वर-खाली इतकं सामान नसतं, म्हणून बाहेरून आलेल्या तयार मर्यादांना हे कधी दिसत नाही.

उपाय: दोन्ही व्हिडिओंतून पट्टीचा आयत कापा आणि त्याचा एसएसआयएम (चित्राची रचना ताडणारा आकडा) किंवा पीएसएनआर वेगळा साठवा. कापलेल्या पट्टीवर व्हीमॅफही चालतो, पण मॉडेल पूर्ण चित्रांवर शिकलेलं आहे, तेव्हा त्या आकड्याला स्वतःचा अर्थ नाही. कालच्याशी आजचा ताडून बघायला ठीक. पट्टी बिघडलेली दिसली तर आधी एन्कोडरचं अॅडाप्टिव्ह क्वांटायझेशन बघा, मग ३६० चा बिटरेट. ग्राफिक्सवाल्यांना जाड वजनाचा फॉन्ट घ्यायला लावलंत तर दोन्हीपेक्षा स्वस्तात काम होतं, अर्थात त्यांना पटवता आलं तर.

दुसरं म्हणजे पट्टीचा हिसका. ती ५० फील्डांच्या हिशोबाने सरकवलेली असते. फील्डमागे चार पिक्सेल सरकत असेल तर २५ फ्रेममध्ये एकदम आठ पिक्सेलची उडी पडते आणि डोळा दुखतो. व्हीमॅफ हे पकडणार नाही, कारण संदर्भही २५ चाच आहे. वरच्या दोन पायऱ्या तरी ५० फ्रेमच्या करा.

कोपरा_कट

+१. शिवाय व्हीमॅफ रंग बघतच नाही, फक्त उजेड-अंधार बघतो. बीटी.६०१ आणि बीटी.७०९ या रंगांच्या मानकांची अदलाबदल झाली, माणसांचे चेहरे हिरवट पडले, तरी आकडा ९४ च. जुन्या ५७६ ओळींच्या मालिका पुनःप्रसारणात येतात तेव्हा हे हमखास होतं. एफएफप्रोबने प्रत्येक पायरीच्या रंगाच्या तीन नोंदी (प्रायमरी, ट्रान्सफर, मॅट्रिक्स) वाचा आणि 'अननोन' आलं तर लाल करा. पाच ओळींची स्क्रिप्ट आहे.

अंधाऱ्या प्रसंगांत आकाशात किंवा भिंतीवर जे पट्टे पडतात त्यांच्यासाठी त्याच लायब्ररीत कॅम्बी आहे. त्याला संदर्भ लागत नाही. शून्य म्हणजे पट्टे नाहीत, पाचच्या आसपास डोळ्याला खुपू लागतात.

कॅशमिस

चित्र उत्तम आहे आणि प्रेक्षकाच्या पडद्यावर गोल फिरतंय, याची बाजू अजून कुणी मांडली नाही, म्हणून लिहितो. तक्रारींतला मोठा वाटा याच बाजूचा असतो.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी प्रोब म्हणजे प्लेलिस्ट वाचणारा. व्हिडिओ डीकोड करायचाच नाही. पाचही पायऱ्यांची प्लेलिस्ट ठरावीक वेळाने उचला आणि मीडिया सीक्वेन्सचा आकडा पुढे सरकतोय का ते बघा. एचएलएसच्या आरएफसी ८२१६ प्रमाणे नवी प्लेलिस्ट टार्गेट ड्युरेशनच्या (सेगमेंटच्या कमाल लांबीच्या) दीडपट वेळेच्या आत यायलाच हवी. सहा सेकंदांचे सेगमेंट असतील तर नऊ सेकंद. बारा सेकंद आकडा हलला नाही की अलार्म. पायऱ्यांमधला फरकही बघा: ७२० ची पायरी बाकीच्यांपेक्षा दोन सेगमेंट मागे पडली तर प्लेअर पायरी बदलताना अडखळतो, आणि हे कुठल्याच चित्र-प्रोबमध्ये दिसत नाही.

हीच तपासणी ओरिजिनवर आणि दोन्ही सीडीएनवर. ओरिजिन पुढे गेलंय आणि सीडीएन शिळी प्लेलिस्ट देतंय तर टीटीएल (कॅशमध्ये ठेवायची मुदत) तपासा. प्लेलिस्टला सेगमेंटच्या निम्म्यापेक्षा कमी, सेगमेंटला हवा तेवढा. चारशेचारचीही ('सापडलं नाही' या उत्तराचीही) कॅश असते हे लक्षात ठेवा. सेगमेंट ओरिजिनवर अर्धा सेकंद उशिरा पोचला, तेवढ्यात एका प्लेअरने मागितला, सीडीएनने 'नाही' हे उत्तर दहा सेकंद जपून ठेवलं, की त्या भागातल्या सगळ्यांचं चित्र थांबलं. चुकांच्या उत्तरांचा टीटीएल एक सेकंदावर आणा आणि पॅकेजरला आधी सेगमेंट, मग प्लेलिस्ट असा क्रम पाळायला लावा.

प्रोब मुंबईतल्याच क्लाउडमध्ये ठेवलात तर तो सीडीएनच्या मांडीवर बसलेला असतो, त्याला सगळं छानच दिसणार. एखादा कोल्हापूर-नांदेडकडच्या घरगुती ब्रॉडबँडवर, एखादा मोबाइल सिमवर असू द्या. छोटा कॉम्प्युटर पुरतो, डीकोड करायचं नसल्यामुळे.

प्लेअरकडून माहिती हवी असेल तर सीएमसीडी (प्लेअरने सीडीएनला माहिती कळवण्याचं मानक) चालू करा. प्रत्येक सेगमेंटच्या मागणीसोबत प्लेअर सांगतो की बफर किती उरलाय, पायरी कोणती, वेग किती मोजला, आणि मधे बफर संपला होता का. हे सीडीएनच्या लॉगमध्ये आपसूक जमा होतं. दोन खाचखळगे आहेत. ब्राउझरमध्ये हेडरने पाठवलंत तर प्रत्येक नव्या पत्त्यासाठी आधी परवानगीची वेगळी विनंती जाते आणि सुरुवातीचा वेळ वाढतो, म्हणून यूआरएलच्या शेपटीला लावा. पण शेपटीला लावलंत तर सीडीएनच्या कॅश-कीमधून (कॅशमधली वस्तू ज्यावरून ओळखतात त्यातून) ती वगळा. नाहीतर प्रत्येक प्रेक्षकाची यूआरएल वेगळी, प्रत्येक मागणी ओरिजिनवर, आणि संध्याकाळी आठला ओरिजिन झोपलं.

सेशनचा क्रमांक प्रोमिथियसच्या लेबलमध्ये घालू नका, मेमरी खाऊन टाकतो. लेबलला वाहिनी, पायरी, सीडीएन, राज्य एवढं बास. सेशन लॉगच्या साठ्यात राहू द्या.

प्राइमटाइम

सेगमेंट सहा सेकंदांचे आहेत, जीओपी (एका कीफ्रेमपासून पुढच्या कीफ्रेमपर्यंतचा गट) दोन सेकंदांचा. आवाजाचे सेगमेंट कधी ५.९७, कधी ६.०२ असे येतात. ही चूक धरायची का?

हेडएंडवाला

चूक नाही, गणित आहे. एएसी ऑडिओची एक फ्रेम १०२४ सॅम्पलची, ४८ किलोहर्ट्झला २१.३३ मिलिसेकंद. सहा सेकंदांत २८१.२५ फ्रेम बसतात आणि पाव फ्रेम तोडता येत नाही. म्हणून कधी २८०-२८१, कधी २८२. तपासणीत आवाजाच्या सेगमेंटला ५० मिलिसेकंदांची सूट द्या. आवाज-चित्र तंतोतंत जुळायलाच हवं असेल तर जीओपी ४८ फ्रेमचा करा: १.९२ सेकंद, बरोबर ९० ऑडिओ फ्रेम. दोन जीओपींचा सेगमेंट ३.८४, तीनचा ५.७६. २५ आणि ५० फ्रेमच्या जगात हा आकडा चपखल बसतो.

व्हिडिओच्या बाबतीत मात्र सूट नाही. सगळ्या पायऱ्यांचे कीफ्रेम एकाच पीटीएसवर पाहिजेत. एक्स२६४ एन्कोडरमध्ये कमाल आणि किमान कीफ्रेम अंतर सारखं ठेवा, सीनकट बंद, जीओपी बंदिस्त. ही तपासणी एन्कोडरच्या टोकाला लावा, दर तासाला एकदा पुरते.

रात्रपाळी

अलार्मबद्दल विचारलंय, ते सांगतो. एफएफएमपेगचे ब्लॅकडिटेक्ट, फ्रीझडिटेक्ट आणि सायलेन्सडिटेक्ट तिन्ही न सांगता सोडले तर दोन सेकंदांवर वाजतात. चित्रपटांच्या वाहिनीवर दोन सेकंद काळं हे दर पाच मिनिटांनी असतं.

मी लावेन ते असं: काळं चित्र आणि शांतता दोन्ही एकत्र, दहा सेकंद, तर लाल. नुसतं काळं वीस सेकंद, तर पिवळं. नुसती शांतता पंधरा सेकंद, पिवळं; पण बातम्यांच्या वाहिनीवर तीच दहा सेकंदांना लाल, कारण तिथे कुणी ना कुणी बोलतच असतं. गोठलेल्या चित्राला वीस सेकंद. सगळ्यांना उतरण्यासाठी वेगळी अट ठेवा: सलग तीस सेकंद बरं असल्याशिवाय अलार्म मिटणार नाही. नाहीतर एका खराब लाइनवर तासाला दीडशे एसएमएस येतात.

बातम्यांच्या वाहिनीवर फ्रीझडिटेक्ट पूर्ण फ्रेमवर लावलात तर तो कधीच वाजणार नाही. मुख्य चित्र गोठतं, पण पट्टी सरकत असते, घड्याळ चालत असतं, कोपऱ्यातला लोगो गिरक्या घेत असतो. फिल्टरला वाटतं सगळं जिवंत आहे. आधी मधला भाग कापा, पट्टी-घड्याळ-लोगो बाहेर ठेवा, मग तपासा. त्याच वेळी पूर्ण फ्रेमवरही लावा. दोन्ही गोठले तर फीड किंवा एन्कोडर. फक्त मधला गोठला तर गडबड वाहिनीच्या स्टुडिओतच आहे, ग्राफिक्सच्या अलीकडे, आणि तुमच्या हातात फोन करण्यापलीकडे काही नाही.

आवाजात शांततेपेक्षा ओंगळ प्रकार म्हणजे उलटी फेज. डावा-उजवा दोन्ही चालू, मीटर नाचतायत, टीव्हीवर ऐकू येतंय आणि मोबाइलच्या एकाच स्पीकरवर निवेदक गायब, फक्त मागचं संगीत. दोन चॅनलांचा मेळ (अधिक एक ते उणे एक) मोजा आणि उणे ०.५ च्या खाली दहा सेकंद राहिला तर लाल. आवाजाचा मोठेपणा मोजायला ईबीयूआर१२८ फिल्टर आहे. युरोपात लक्ष्य उणे २३ एलयूएफएस (मोठेपणाचं एकक), अमेरिकेत उणे २४. तुम्ही जे ठरवाल ते ठरवा, पण कार्यक्रम आणि जाहिरात यांच्यातला फरक बघा, तक्रार त्याचीच येते.

ओठ आणि आवाज यांचा मेळ आपोआप मोजणं अवघड आहे. पण एन्कोडरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या ऑडिओ-व्हिडिओ पीटीएसमधला फरक वाढतोय का, हे मोजता येतं. ईबीयूची (युरोपातल्या प्रसारकांच्या संघाची) मर्यादा आवाज ४० मिलिसेकंद पुढे किंवा ६० मागे. पुढे गेलेला आवाज लवकर खटकतो.

फ्रेमदरफ्रेम

व्हीमॅफची मर्यादा राहिलीच होती. सगळ्यांना मिळून एक आकडा ठेवू नका. पाच मेगाबिटमध्ये चर्चेचा कार्यक्रम ९६ काढतो आणि कबड्डी ८५ ला येते. दोन्ही वेळी एन्कोडर आपलं काम करतोय. त्या वाहिनीच्या, त्या पायरीच्या, त्याच वेळेच्या मागच्या दोन आठवड्यांच्या मध्यकाशी तुलना करा. सहा गुणांचा फरक साधारणपणे डोळ्याला जाणवतो असं धरतात, तेव्हा सलग तीन तुकडे मध्यकापेक्षा सहाने खाली, तर पिवळं. व्हीमॅफवरून लाल कधीच करू नका. तो सकाळच्या मीटिंगचा आकडा आहे. रात्री अडीचला तो बघून कुणी करणार काय? वरच्या पायरीला नेहमीच ९५ च्या पुढे येत असेल तर उलट बिटरेट कमी करून सीडीएनचं बिल वाचवा.

प्राइमटाइम

अजून एक. प्रोबवर एका वाहिनीचा 'पीटीएस उडी' अलार्म रोज येतोय. काल दुपारी एकच्या सुमाराला, आज साडेतीनला. चित्रात काही दिसत नाही.

सातपॅकेट

उद्या सहाला येईल. पीटीएस ३३ बिटांचा, ९० किलोहर्ट्झचा. २६ तास ३० मिनिटं ४३ सेकंदांनी तो परत शून्यावर येतो. म्हणून रोज अडीच तासांनी पुढे सरकणारा अलार्म दिसला की समजायचं. प्रोबला दोन पीटीएसमधला फरक २ चा ३३ वा घात या मापाने काढायला सांगा, साधी वजाबाकी नको. पण अलार्म बंद करण्याआधी तीच वेळ साधून जुन्या टीव्हीवर आणि सेट-टॉप बॉक्सवर वाहिनी लावून बसा. काही पॅकेजर आणि काही प्लेअर या क्षणी खरोखरच अडखळतात.

हेडएंडवाला

आता विकत की घरचं. प्लेलिस्टचा प्रोब, काळं-गोठलेलं-शांत, व्हीमॅफचे तुकडे, सीएमसीडीचा लॉग: एवढं घरी सहज होतं. ट्रान्सपोर्ट स्ट्रीमच्या सखोल तपासणीसाठी टीएसडक हे मोकळं साधन चांगलं आहे, त्यावरही बरंच भागतं. पैसे द्यायचेच तर दोन ठिकाणी द्या. एक, डीआरएम (चोरी रोखणारं कुलूप) लागलेल्या स्ट्रीमची खऱ्या टीव्हीवर आणि फोनवर होणारी तपासणी. एफएफएमपेगला किल्ली नसते, त्यामुळे सीडीएनच्या टोकाला चित्र बघता येत नाही. तिथे एक तर परवाना घेणारा प्रोब हवा, नाहीतर सेगमेंटचा आकार आणि वेळ एवढ्यावर समाधान मानायचं. दोन, प्लेअरमधली मोजणी, जर अॅप पाच-सहा प्रकारच्या उपकरणांवर असेल. प्रत्येकाचा एसडीके (मोजणीसाठी आत जोडायचा कोड) स्वतः सांभाळणं म्हणजे वेगळी टीम पोसणं.

डेमो मागवाल तेव्हा विक्रेत्याची तयार क्लिप बघू नका. तुमच्या बातम्यांच्या वाहिनीचा गोठलेला तुकडा द्या, वर रात्रपाळीने सांगितलाय तसा, पट्टी चालू असलेला. आणि उलट्या फेजचा एक ऑडिओ.

जाहिरातखिडकी

जाहिरातींचा विषय सुटला. सर्व्हरवर जाहिरात जोडत असाल तर तीन आकडे रोज ताडून बघा: स्रोतात आलेल्या एससीटीई-३५ खुणा (ब्रेक कधी ते सांगणाऱ्या), ओरिजिनच्या प्लेलिस्टमध्ये उमटलेल्या खुणा, आणि प्रत्यक्ष जोडलेले ब्रेक. पहिला-दुसरा जुळत नसेल तर एन्कोडर किंवा पॅकेजर खुणा गिळतोय. दुसरा-तिसरा जुळत नसेल तर जाहिरात सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही. खूण ब्रेकच्या किमान चार सेकंद आधी यायला हवी. प्रत्येक खुणेची ही आघाडी मोजून साठवा, कारण थेट सामन्यात हाताने बटण दाबतात आणि ती एक सेकंदावर येते. ब्रेकच्या नेमक्या फ्रेमवर आयडीआर (कीफ्रेम) नसेल तर कार्यक्रमाचा शेवटचा तुकडा जाहिरातीनंतर लुकलुकतो.

जाहिरातीची फाइल आत घेतानाच तिचा फ्रेमदर, सॅम्पलरेट आणि पायऱ्या तपासा. २५ च्या वाहिनीत ३० ची जाहिरात आणि ४८ किलोहर्ट्झमध्ये ४४.१ आली की ब्राउझर आणि नवे फोन निभावून नेतात, पण चार-पाच वर्षं जुने टीव्ही ब्रेकनंतर आवाज परत आणत नाहीत. ब्रेकच्या दोन्ही टोकांना प्लेलिस्टमध्ये डिसकंटिन्युइटीची (इथे स्ट्रीम बदलतो असं सांगणारी) ओळ आहे का, तेही तपासायला घ्या.

प्राइमटाइम

खुणांची आघाडी मोजायला टीएसडक पुरेल का?

जाहिरातखिडकी

पुरेल. स्प्लाइस इन्फॉर्मेशनचा (खुणांचा) पीआयडी द्या, तो खुणेतला पीटीएस काढून देतो. त्यातून त्या क्षणीचा व्हिडिओचा पीटीएस वजा करा आणि ९०,००० ने भागा. वजाबाकी पुन्हा ३३ बिटांच्या मापाने, वर सातपॅकेट यांनी सांगितल्याप्रमाणे. आणि खुणेतलं पीटीएस अॅडजस्टमेंट मिळवायला विसरू नका. मधे कुठे रीमक्स (स्ट्रीमची पुन्हा बांधणी) झालं असेल तर ते शून्य नसतं.